सुकापूरच्या तेलाचा आम्लांक

"सर, तुमच्याइतका संशयी माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही, म्हणून फोन केला," अनुष्का म्हणाली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. मी निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी, नवीन पनवेलच्या आमच्या महाविद्यालयात, ती रसायनशास्त्राची विभागप्रमुख झाली. तिचे वाक्य मी प्रशंसा म्हणून स्वीकारले आणि पुढचे ऐकून घेतले.

तिच्या विभागातली मुले घराघरांतून तळणीचे वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करत होती. स्नेहसंमेलनाच्या दिवशी महाविद्यालयाचा जनरेटर त्या इंधनावर चालवून दाखवायचा, असा त्यांचा बेत होता. प्राचार्य उदयसिंह यांनी त्याला एक अट घातली होती. विभागाबाहेरच्या कोणीतरी आकडे तपासून लेखी अहवाल द्यावा. अहवाल अनुकूल आला तर मुले ज्या खोलीत काम करतात ती त्यांच्याकडे राहील. नाही आला तर नव्या वर्षात ती पाडून तिथे दुचाकींसाठी वाहनतळ होईल.

"कोणती खोली?" मी विचारले.

"गॅस प्लांटची, सर."

मी येतो म्हणालो. याला शास्त्रीय निर्णय म्हणता येणार नाही.

आताच्या विद्यार्थ्यांना 'गॅस प्लांट' म्हणजे काय ते सांगावे लागते. प्रयोगशाळेत सिलिंडर येण्यापूर्वी बर्नरचा गॅस आम्ही स्वतः करत असू. प्रयोगशाळेच्या मागे पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तिथे लालभडक तापलेल्या लोखंडी नळकांड्यात रॉकेल थेंबाथेंबाने सोडायचे. त्याचा गॅस होऊन पाण्यात उपड्या ठेवलेल्या मोठ्या टाकीत साठायचा आणि साठेल तशी टाकी वर तरंगत यायची. मुले प्रयोग करू लागली की ती हळूहळू खाली बसत जाई. वर्गात ज्योत लहान झाली की मागच्या खिडकीतून टाकीकडे पाहायचे, एवढेच आमचे मोजमाप. त्या खिडकीतून टाकीच्या पलीकडे सुकापूरपर्यंत भातशेती दिसे आणि तिच्यामागे प्रबळगड. ते दृश्य मला आठवते तितके सुंदर होते की नाही याची खात्री देता येत नाही. तेव्हा मी तिशीत होतो, आणि त्या वयात निरीक्षकाच्या उपकरणांत दोष असतो.

आता खिडकीतून इमारती दिसतात. प्रबळगड त्यांच्या फटीत आहे, हे माहीत असलेल्या माणसालाच सापडतो.

खोलीत मला दोघे जण भेटले. प्राची तिसऱ्या वर्षाला, खांदा कॉलनीत राहणारी, बँकेत नोकरी करणाऱ्या आईवडिलांची मुलगी. हिशेबी बोलणारी, चष्मा डोक्यावर सरकवण्याची सवय असलेली. धनेश तिच्याच वर्गातला, सुकापूरचा. त्याच्या आजोबांची शेती त्याच खिडकीतून दिसत असे. त्यातल्या बऱ्याच भागावर आता त्याच्या काकांनी इमारती उभ्या केल्या आहेत. प्रयोग आणि आकडे प्राचीकडे, तेल गोळा करणे धनेशकडे, अशी त्यांची वाटणी होती.

"सर, आधी चहा की आधी चुका?" धनेशने विचारले.

"चहा," मी म्हणालो. "चुकांना वेळ लागेल."

काम त्यांनी चांगले उभे केले होते, हे आधी नोंदवतो. भंगारातून आणलेल्या गिझरच्या टाकीला त्यांनी ढवळण्याची सोय केली होती. तेल गाळून, तापवून त्यातले पाणी उडवायचे. मग मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून ते मिश्रण बेताच्या उष्णतेत तेलात ढवळायचे आणि स्थिर ठेवायचे. तळाशी काळपट ग्लिसरीन बसते, वर मधाच्या रंगाचे इंधन राहते. ते पाण्याने धुवून कोरडे केले की झाले. मिथेनॉल विषारी असते, म्हणून खिडकीत बाहेर वारा फेकणारा पंखा होता, हातमोजे होते, आणि ते खरोखर वापरलेले दिसत होते. खाली बसलेले ग्लिसरीनही ते फेकत नसत. त्यातले मिथेनॉल पूर्ण उडवून प्राची त्याचा भांडी घासण्याचा साबण करत असे. कपाटात त्याच्या तपकिरी वड्या ओळीने वाळत ठेवलेल्या होत्या. त्या दिसायला गुळासारख्या होत्या, वास मात्र तसा नव्हता.

अडचण आकड्यांत होती, आणि ती अशी की आकडे फार चांगले होते.

तेल जितके जास्त वेळा तापवावे तितकी त्यातली आम्ले सुटी होतात. आम्लांक म्हणजे ती किती सुटली याचे माप. तो जास्त असला की कॉस्टिक सोडा त्या आम्लांशी जुळून साबण करत बसतो आणि इंधन कमी मिळते. वापरलेल्या तेलाचे बायोडिझेल करणाऱ्या प्रत्येकाला ही डोकेदुखी असते. या मुलांना ती नव्हती. फळ्यावर प्राचीने घरोघरच्या तेलाचे आम्लांक लिहून ठेवले होते, आणि सुकापूरचे तेल त्यात सर्वांत गुणी होते. इंधनही त्यातून जवळजवळ पुस्तकात लिहिलेले असते तितके उतरत होते.

"याचे कारण काय?" मी विचारले.

"आमचा निष्कर्ष असा आहे सर, की हॉटेलवाले तेल पुन्हा पुन्हा वापरतात, घरातल्या बायका जपून वापरतात," प्राची म्हणाली. "म्हणून घरचं तेल बायोडिझेलला जास्त योग्य. हाच आमचा मुख्य मुद्दा आहे."

"जपून वापरतात म्हणजेच पुन्हा पुन्हा वापरतात," मी म्हणालो. "तुमच्या घरी पुऱ्या तळून उरलेल्या तेलाचं काय होतं?"

"आई डब्यात गाळून ठेवते. मग फोडणीला."

"आणि मग?"

"मग संपतं."

"म्हणजे फेकण्याजोगं तेल घरात उरतच नाही. उरलं तर फार थोडं, आणि ते काळं असणार. तुम्हाला मिळतंय भरपूर आणि स्वच्छ."

प्राचीने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. उत्तर माहीत असल्याचा बहाणा तिने केला नाही. मला ती त्या क्षणी आवडली.

मी सुकापूरहून आलेल्या एका कॅनचे झाकण उघडून वास घेतला. ज्या घरांत आठवड्यातून अनेकदा मासळी तळली जाते, तिथल्या तळणीच्या तेलाला त्या मासळीचा वास असतो, आणि तो गाळण्याने जात नाही. या तेलाला दुकानातल्या नव्या पिशवीचा वास होता. किंचित तळणीचा गंध होता, तोही दुरून आल्यासारखा.

संशयाला वास पुरतो, निष्कर्षाला पुरत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी नव्या तेलाची पिशवी मागवली आणि प्राचीला दोन्ही तेलांचे टायट्रेशन शेजारी शेजारी करायला लावले. तेलात रंग बदलणारे सूचक घालायचे, वर ब्युरेटच्या काचनळीतून अल्कली थेंबाथेंबाने सोडायची आणि गुलाबी छटा टिकून राहिली की थांबायचे. नवे तेल काही थेंबांतच गुलाबी झाले. सुकापूरच्या तेलाला त्याहून थोडेच जास्त लागले. प्राचीने प्रयोग पुन्हा केला. तिसऱ्या वेळी तिने ब्युरेट धुवून घेतली, जणू दोष काचेचा असावा. फरक पडला नाही.

"यात ताजं तेल मिसळलेलं आहे," मी म्हणालो. "बरंचसं."

खोलीत आम्ही तिघेच होतो. तेल आणणारा एकच होता. प्राचीने धनेशकडे पाहिले नाही, पण न पाहण्यासाठी तिला मान वळवावी लागली, आणि ते त्याला दिसले.

"म्हणजे मी घालतो, असं म्हणताय सर."

"मी फक्त तेलाबद्दल बोललो."

"तेल मीच आणतो." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "खोली जाऊ नये म्हणून पोरगा दुकानातलं तेल ओततो, असं तुम्ही लिहिणार. गावात माझं नाव जाईल, कॉलेजात प्राचीचं. खोलीचं तर जाऊ द्या."

"मला जे ठाऊक असेल तेवढंच मी लिहीन. आज मला ठाऊक आहे की या तेलात ताजं तेल आहे. कोणी घातलं ते ठाऊक नाही."

"मग उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. तुमच्या डोळ्यांनी बघा."

मी गेलो. निरीक्षकाने घटनास्थळी जावे, हा नियम मी चाळीस वर्षे शिकवला, आणि बहुतेक वेळा तो खुर्चीत बसूनच शिकवला.

सुकापूरची जुनी आळी इमारतींच्या मधोमध अजून शिल्लक आहे. दुमजली, रंगवलेली घरे, दारांत तुळशी, आणि रस्त्याला लागून मोटारी. धनेश दारोदार भरलेला कॅन घेई आणि रिकामा, धुतलेला कॅन ठेवी, सोबत एक कागदी पुडके. त्याला प्रत्येक घरी काही ना काही ऐकावे लागे. एकीने विचारले, "काय रं, तुझा डिझेल निघाला का नुसती लग्नाची वरात काढतोस कॅनांची?" दुसरीने मला पाहून विचारले, "हे कोन, इन्कमटॅक्सवाले?" धनेश म्हणाला, "त्याहून कडक." कॅन सगळे भरलेले मिळत होते, जवळजवळ सारख्याच पातळीला. ही गोष्टही निसर्गात सहसा घडत नाही.

मग आम्ही गोदूकाकींच्या घरी आलो. साठीच्या बाई, माहेर उरणजवळच्या मोरा बंदरातले, भाऊ अजून तिथे होडी बाळगून असलेला. मुलाचा बांधकाम साहित्याचा धंदा जोरात होता, हे घराच्या जिन्यावरून कळत होते. त्या पडवीत कोलंबी निवडत बसल्या होत्या. आम्ही येणार असल्याचे त्यांच्या लक्षात नव्हते.

"अगो बाय, आज वार कंचा?" त्या उठत म्हणाल्या. "तुझा कॅन तसाच हाय रं धनेश. पंधरा दिस नुसता कालवन चाललाय, घरात तळण कुठं झालाय? बसा सर, तुमी बसा. आलेच मी."

"राहू दे काकी, पुढच्या वेळी नेईन," धनेश म्हणाला.

"गप बस."

स्वयंपाकघर पडवीला लागूनच होते आणि दार उघडे होते. मला जे दिसले त्यात अर्थ लावण्यासारखे काही नव्हते. बाईंनी कट्ट्याखालचा कॅन काढला. त्याच्या तळाशी दोन बोटे काळे तेल होते. फळीवरून त्यांनी तेलाची नवी पिशवी घेतली, दातांनी तिचा कोपरा तोडला, आणि सगळीच्या सगळी पिशवी कॅनमध्ये ओतली. झाकण लावले, पदराने कॅन पुसला आणि आणून धनेशपुढे ठेवला.

धनेशने झाकण काढून आत पाहिले.

"काकी, हे काय केलंस?"

"काय केला?"

"हे नवं तेल हाय."

"मंग? जुना नाय तर नवा दिला. तुमची त्याच्यावर गाडी चालत नाय काय?"

"आम्हाला वापरलेलंच पायजे. नसलं तर कॅन रिकामा द्यायचा."

बाईंनी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. या मुलाला काही शिकवले गेले नाही असे त्यांना वाटले असावे, आणि ती जबाबदारी कोणाची हे त्या पाहत असाव्यात.

"रिकामा कॅन मी कसा देऊ रं?" त्या म्हणाल्या. "तू दरवेळी साबनाच्या वड्या आनतोस. त्या पोरीनी कागदात बांधून पाठवलेल्या. चांगला साबन हाय, कढई निघते. तुमी भरल्या हातानी येता आनि आमी रिकामा कॅन हातात देऊ? लोक काय बोलतील? शेवंती पन तेच करते, ती वरची पन."

"सगळ्याच?" मी विचारले.

"सगळ्याच म्हंजे, ज्यांना घरचा वळण हाय त्या."

परतताना धनेश मोटारसायकलवर बसला नाही. ती त्याने ढकलतच आणली. दोन्ही बाजूंना कॅन लटकत होते.

"सर, साबण द्यायची कल्पना प्राचीची नव्हती," शेवटी तो म्हणाला. "तिच्या आईची होती. तिची आई म्हणाली, लोकांचं भांडं तुम्ही रिकामं कसं परत पाठवता."

मला त्या वेळी खांदा कॉलनीतले आमचे पहिले घर दिसत होते. सिडकोच्या त्या इमारती नव्या होत्या, दुकाने नव्हती, संध्याकाळी दिवे जात. आम्ही सगळेच कुठून कुठून आलेले, कोणी पुण्याचे, कोणी सोलापूरचे, कोणी परळचे. समोरच्या घरातून एकदा पितळी वाटीतून लोणचे आले. माझी पत्नी दमयंती हिने त्या वाटीत चिमूटभर साखर घालून ती परत पाठवली. पुढच्या वेळी त्यातून पुरण आले, इकडून चकल्या गेल्या. ती वाटी पंधरा-वीस वर्षे जिन्याच्या दोन्ही बाजूंना हिंडत होती. शेवटी ते कुटुंब नाशिकला गेले तेव्हा वाटी मुळात कोणाची, हे दोन्ही घरांना सांगता येईना. दमयंती म्हणाली, "आत्ता ज्यांच्याकडे आहे त्यांची." ती त्यांच्याकडे होती. मी तिला तेव्हा म्हटले होते की ही व्यवस्था तर्काला धरून नाही. वाटीत साखर घालून काय साधते? ती म्हणाली, "काही साधत नाही. म्हणून तर चालते."

दमयंतीला जाऊन काही वर्षे झाली. तिच्या त्या वाक्याचे खंडन मला अजून जमलेले नाही.

खोलीत परतल्यावर मी प्राचीला सर्व सांगितले. ती खुर्चीत बसली.

"म्हणजे आम्ही साबण दिला म्हणून त्यांनी ताजं तेल दिलं. ताज्या तेलाचा आम्ही साबण केला. आणि तो परत त्यांना दिला."

"मध्ये थोडं डिझेलही झालं," धनेश म्हणाला.

"सर, हे हसण्यासारखं नाही. आमचा मुख्य निष्कर्षच गेला."

"गेला," मी म्हणालो. "फळ्यावरचे सगळे आकडे बरोबर आहेत. ते वापरलेल्या तेलाचे नाहीत, एवढंच."

"तुम्ही काय लिहिणार?"

"हेच."

तिने फळा पुसला नाही. सुकापूरच्या आकड्यांवर सरळ एक रेघ ओढली, म्हणजे खालचे आकडे वाचता येतील. हे मी कोणाला शिकवल्याचे आठवत नाही, पण कोणीतरी शिकवलेले होते.

प्राचार्यांना भेटणे भाग होते. उदयसिंह वाईट माणूस नाहीत. त्यांच्यापुढे रोज विद्यार्थ्यांच्या दुचाकींचा प्रश्न येतो, रसायनशास्त्राचा येत नाही. सगळे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे सर, लोकांच्या घरातलं चांगलं तेल या मुलांनी जनरेटरसाठी जाळलं. आणि तो मुलगा तेल आणत होता, त्याला काहीच कळलं नाही?"

"त्याच्या घरीही तेच वळण आहे," मी म्हणालो. "त्याला त्यात विचित्र काही दिसलं नाही. माझ्या घरी असतं तर मलाही दिसलं नसतं. मला तेलाचा आकडा विचित्र दिसला, माणसांचं वागणं नव्हे. लबाडी कोणीही केलेली नाही. हे मी लेखी देईन."

"लबाडी नसेल, पण निकाल चुकीचाच ना?"

"चुकीचा. म्हणून तो पुन्हा काढू द्या. संमेलनाला अजून अवकाश आहे. दुसऱ्या वेळीही नाही जमलं तर खोली पाडा. मी येऊन पाहीन."

"पाहायला याल?"

"मला तिथे बऱ्याच गोष्टी पाहायची सवय आहे."

ते थोडे हसले आणि संमेलनापर्यंतची मुदत दिली.

आता प्रश्न असा होता की तेल आणायचे कसे. साबण बंद केला तरी बाया रिकामा कॅन देणार नव्हत्या. सवय जडलेली होती, आणि आता तर धनेशने मास्तरांसमोर नाही म्हटल्याने मानाचाही प्रश्न होता. तोडगा प्राचीने काढला. कॅन कोणाच्या घरी ठेवायचाच नाही. आळीच्या तोंडाशी आणि खांदा कॉलनीतल्या एका सोसायटीच्या फाटकाशी झाकणाचे एकेक निळे पिंप ठेवायचे, वर गाळणी. ज्याला टाकायचे तो येऊन टाकेल. पिंप कोणाचेच नाही, तेव्हा ते रिकामे राहिले तरी कोणाला लाज नाही.

तर्क बिनचूक होता. धनेशला तो पटला, आवडला नाही. "पिंपाशी कोण बोलणार?" तो म्हणाला. पण पिंपे त्यानेच नेऊन बसवली.

पुढचे तेल आले ते थोडे होते, काळे होते आणि त्याला बोंबलांचा वास होता. झाकण उघडताच प्राचीने नाक धरले. मला फार बरे वाटले. आम्लांक जिथे असायला हवा होता तिथेच होता.

पहिला घाणा फसला. कॉस्टिकचे जुने प्रमाण तिने सवयीने वापरले आणि टाकीत इंधनाऐवजी शिऱ्यासारखे काहीतरी घट्ट झाले. ते काढायला धनेशला टाकी आडवी करावी लागली. "सर, याचा साबण तर जोरदार होईल," तो म्हणाला. प्राची त्याच्याशी दिवसभर बोलली नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी तेलावर आधी आम्लाची प्रक्रिया करून मग कॉस्टिक घातले. हे काम वेळखाऊ आणि किचकट आहे, आणि त्यातून पूर्वीपेक्षा बरेच कमी इंधन उतरले. त्यांनी ते पुन्हा केले. पुन्हा तितकेच उतरले. तिसऱ्यांदा मी समोर बसून करवून घेतले, तरी तेच.

"आधीचा आकडा किती छान होता, सर," प्राची म्हणाली.

"छान होता. आताचा तुमचा आहे."

माझा अहवाल छोटा झाला. घरगुती तेल हॉटेलच्या तेलापेक्षा चांगले, हा आधीचा निष्कर्ष ग्राह्य धरू नये. त्यातल्या दोषाचे कारण सापडले असून त्यात कोणाचाही अप्रामाणिकपणा नाही. खरोखर वापरलेल्या तेलापासून या खोलीत जनरेटरला चालेल असे इंधन तयार होते, मात्र ते थोडे मिळते आणि त्याला कष्ट पडतात. एवढेच. धनेशने तो दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी तो मधल्या वाक्याशी थांबला होता, मग त्याने कागद प्राचीकडे दिला आणि म्हणाला, "याची झेरॉक्स मला हवी. घरी दाखवतो."

संमेलनात जनरेटर डिझेलमध्ये ते इंधन मिसळून चालवला. नाटुकले होईपर्यंत दिवे टिकले. धुराला भज्यांचा वास येतो असे अनेकांनी सांगितले. माझ्या पाहणीनुसार ज्यांना आधी सांगून ठेवले होते त्यांनाच तो आला. प्राचार्यांनी भाषणात इंधनाचा उल्लेख चुकीच्या नावाने केला आणि खोली एका वर्षासाठी मुलांकडे ठेवल्याचे जाहीर केले. एक वर्ष म्हणजे फार नाही. पण त्या खोलीला यापूर्वी कोणी मुदत लिहून दिली नव्हती, ती नुसतीच टिकली होती. अनुष्का माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "सर, तुम्ही अनुकूल अहवाल दिलात की प्रतिकूल, हे मला अजून कळलेलं नाही." मी म्हणालो, मलाही.

त्यानंतर मी अधूनमधून नमुने घ्यायला जातो. मला कोणी सांगितलेले नाही, पण निवृत्त माणसाला सकाळी कुठेतरी जायचे असते. सुकापूरच्या पिंपाशी एकदा धनेश भेटला. त्याने पिंप रिकामे करून घेतले होते. तरी तो जाण्याऐवजी आळीकडे पाहत उभा होता.

"आता महिन्यातून दोनदा येतो, पिंप नेतो, जातो," तो म्हणाला. "पूर्वी आळीत शिरलो की दुपार व्हायची. तेव्हा वाटायचं, या बाया किती वेळ खातात."

"तेल आता खरं आहे."

"तेल खरं हाय सर. त्याच्याबद्दल काय म्हणणं नाय."

आळीतून गोदूकाकी भाजीची पिशवी घेऊन येत होत्या. धनेशला पाहून त्या थांबल्या.

"काय रं, इथूनच परत? आमच्या दाराला काय कुत्रा बांधलाय काय?"

"कॅन नाय आता काकी. पिंप केलंय ना."

"कॅनाला कोन विचारतो? तू यायचास तर कॅनासाठी यायचास काय?"

 धनेशने माझ्याकडे पाहिले. पिंप लावण्यात तर्काची चूक झाली होती का, असे त्याला विचारायचे असावे. तशी ती झाली नव्हती.

"चल, कोलंबी केलीय," बाई म्हणाल्या. "सर, तुमी पन या."

मी हातातली नमुन्याची बाटली वर करून दाखवली आणि म्हणालो की मला प्रयोगशाळेत जायला हवे.

"का? ती काय नासते?"

प्रश्न नेमका होता. घट्ट बुचाच्या बाटलीतले तेल सावलीत ठेवले तर तास-दोन तासांत त्याचा आम्लांक मोजण्याइतका बदलत नाही. बदलतो असे सांगणे म्हणजे माहीत असून खोटे बोलणे झाले असते.

"नाही," मी म्हणालो, आणि त्यांच्या मागून चालू लागलो. पडवीशी मी चपला काढल्या. धनेश आधीच आत गेला होता आणि स्वयंपाकघरातून गोदूकाकी त्याला काहीतरी टाकून बोलत असल्याचा आवाज येत होता.